गावच्या इतिहासाचं कपाट : आलेली वस्तू दाखल कशी करायची

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात एक जिभाऊ, म्हणजे गावातले एक वडीलधारे गृहस्थ, आले, हातात किराणा दुकानाची पिशवी. म्हणाले, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतोय, माळ्यावर हे निघालं, रद्दीवाल्याला देणारच होतो पण पोरगी म्हणाली आधी वाचनालयात दाखवा. पिशवीत लाल कापडी बांधणीची एक लांबुडकी हिशेबाची वही, जिनिंग फॅक्टरीच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) पावत्यांचा दोऱ्यात ओवलेला गठ्ठा, सात-आठ लग्नपत्रिका, शाळेचा एक ग्रुप फोटो आणि त्यांच्या आईनं पेन्सिलीनं लिहिलेली कानबाई या खान्देशातल्या देवीच्या गाण्यांची दोनशेपानी वही.

अशी पिशवी तुमच्याही वाचनालयात कधी ना कधी येणार. धुळे असो, जळगाव असो, नंदुरबार असो, सध्या गावोगाव धाब्याची आणि माळवदाची घरं पडताहेत आणि त्यातून कागद बाहेर येताहेत. ती पिशवी आली की नेमकं काय करायचं ते लिहितेय. मी तालुक्याच्या वाचनालयात बारा वर्षं हे कपाट, म्हणजे स्थानिक संग्रह, सांभाळतेय, त्यामुळे जे आमच्याकडे चाललं ते आणि जे चुकलं ते, दोन्ही सांगते.

आधी चुकलेलं सांगते कारण बाकी सगळं त्यातूनच शिकले. सुरुवातीच्या काळात एका बाबांनी चाळीसेक फोटोंचा डबा आणून दिला, मी म्हटलं ठेवा बाबा, नंतर बसून लिहू कोण कोण आहेत ते. त्या महिन्यात तपासणी होती, मग दिवाळी आली, आणि कार्तिकात बाबा गेले. डबा अजून कपाटात आहे, फोटो सुंदर आहेत, पण त्यातला एकही चेहरा कोणाचा ते आज सांगता येत नाही. त्यांच्या मुलांनाही ओळखू येत नाहीत. म्हणून माझ्याकडे आता एकच नियम आहे : वस्तू कपाटात गेली म्हणजे दाखल झाली असं नाही, ती कुणी दिली, कुठल्या घरातली, त्यांच्याकडे कशी आली आणि त्यात कोण-काय आहे हे देणाऱ्यासमोर, त्याच दिवशी लिहिलं गेलं की मगच ती दाखल.

पहिली शोधमोहीम आपल्याच माळ्यावर

लोकांकडे मागायला जायच्या आधी आपलं स्वतःचं वाचनालय उघडून बघा. बहुतेक जुन्या वाचनालयांत कार्यकारी मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, शेरेबुक, जुन्या सभासदांची रजिस्टरं कुठेतरी पडलेली असतात आणि त्यांना कुणी इतिहास समजत नाही. शेरेबुकात तर कधी कोण पाहुणे गावात आले होते ते त्यांच्याच हस्ताक्षरात मिळतं. आणि जुनी देवघेव रजिस्टरं असतील तर गाव काय वाचत होतं ते कळतं, ते दुसऱ्या कुठल्याच कागदावर मिळणार नाही.

दुसरं म्हणजे निर्लेखनाची यादी. जीर्ण पुस्तकं बाद करताना आपण मोठ्या पुस्तकांकडे बघतो, आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गणेश मंडळाची पन्नास वर्षांची पुस्तिका, विकास सोसायटीचा अहवाल, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल असलं बारीक साहित्य गठ्ठ्यातून सरळ रद्दीत जातं. कथा-कादंबरी दुसरीकडे मिळेल हो, पण आपल्या गावच्या हायस्कूलची स्मरणिका दुसरीकडे कुठे मिळणार? निर्लेखनाची यादी मंडळापुढे जायच्या आधी एकदा फक्त या नजरेनं वाचा. आमच्याकडे अशी एकाच वर्षात तेवीस पुस्तकं-पुस्तिका रद्दीतून वाचली.

काय घ्यायचं, आणि आपलं म्हणजे कुठपर्यंतचं

जुनं म्हणजेच इतिहास असं नाही. ही गोष्ट मंडळाला पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अमळनेरला १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, मग थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा भरलं, आणि त्याच दिवसांत तिथेच विद्रोही साहित्य संमेलनही झालं. १९५२ चा एखादा स्वयंसेवकाचा बिल्ला किंवा निमंत्रणपत्रिका आज सापडली तर आपण हरखून जाऊ. मग २०२४ चे पास, बॅज, भोजनाची कुपनं, हँडबिलं आत्ता गोळा केली का? दोन्ही मांडवांतली? आत्ता फुकट मिळतात, वीस वर्षांनी शोधत फिरावं लागेल. निवडणुकीची पत्रकं, यात्रेच्या कुस्त्यांची जाहिरात, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं पत्रक, केळीच्या भावाचे रोजचे मेसेज, गावात नवीन रस्ता होण्याआधीचे बाजारपेठेचे मोबाईलवरचे फोटो, सगळं नवीन भर म्हणून घ्या. दरवर्षी गावच्या मुख्य चौकाचा एकाच जागेवरून एक फोटो काढून ठेवला तरी मोठं काम होतं.

हद्दीचा प्रश्न येतोच. जिल्ह्याच्या रेषा बदलत आल्यात. जुना खान्देश जिल्हा १९०६ ला पूर्व आणि पश्चिम असा तुटला, नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. मालेगाव-बागलाण १८६९ ला नाशिककडे गेलं पण अहिराणी तिथेही बोलतात. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी, आज ती मध्य प्रदेशात आहे. आणि आपली किती माणसं सुरतला, उधन्याला कामाला गेली, तिथे त्यांची मंडळं आहेत, तिथे छापलेल्या पत्रिका आहेत. माझं मत असं की छापलं कुठे यापेक्षा कुणाबद्दल आहे ते बघावं, पण आधी आपला तालुका. आपल्या तालुक्याचं कुणी दुसरं जपणार नाहीये, बाकीचं जागा उरली तर.

आणि जे आपल्याला झेपणार नाही ते घेऊ नका. मोडीचे मोठे दफ्तर, पोथ्या, ताम्रपट असं काही आलं तर देणाऱ्याशी बोलून धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाकडे, रामदासी परंपरेच्या पोथ्या असतील तर धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिराकडे विचारा. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या घरातले कागद गोळा करत राहिले आणि १९२६ ला धुळ्यातच गेले, त्यांच्या मागे त्यांचा संग्रह सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. आपल्या कपाटात वाळवी लागण्यापेक्षा तिथे गेलेलं बरं, आपण फक्त स्कॅन आणि कुठे दिलं त्याची नोंद ठेवायची.

घेताना बोलायचं काय

लोक कागद द्यायला का घाबरतात हे आधी समजून घ्या. त्यांना वाटतं जुना कागद म्हणजे जमिनीचा कागद. उद्या कुणी भाऊबंद उभा राहील, कुणी झेरॉक्स काढून केस टाकेल. ही भीती अगदी खरी आहे, तिला हसू नका. मी सरळ सांगते, खरेदीखत, फेरफार, वाटणीपत्र असलं काही मी ओरिजिनल घेत नाही, ते तुम्ही घरीच ठेवा, आणि घरात वाद चालू असेल तर स्कॅनसुद्धा नको. हे ऐकलं की माणूस मोकळा होतो आणि मग बाकीचं दाखवतो.

दुसरं, दोन रस्ते ठेवा. एक, वस्तू वाचनालयाला कायमची दिली. दोन, आठ दिवसांसाठी दिली, स्कॅन करून परत. दुसरा रस्ता नसता तर आमच्याकडचं निम्मं कपाट रिकामं असतं. आजीचा एकुलता एक फोटो कोण देईल हो तुम्हाला? पण आठ दिवसांसाठी देतात. साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या : काय दिलं, किती नग, कायमचं की परत, वाचनालयात दाखवायला चालेल का, मोबाईलवर-नेटवर टाकायला चालेल का. शेवटचे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, कारण बऱ्याच जणांना पहिलं चालतं, दुसरं नाही. आणि परत द्यायची तारीख एकदाही चुकवू नका, एकदा चुकली की अख्ख्या गल्लीत बोभाटा होतो.

छापील पुस्तकाचं स्कॅन सरसकट वाटायचं नाही. लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतो, तेव्हा गावातल्याच कुणी लिहिलेलं पुस्तक असेल तर घरच्यांना जाऊन विचारा. बहुतेक हो म्हणतात, वर चहा पाजतात.

मग चहा घेता घेता विचारायचं. हे तुमच्याकडे कसं आलं? आजोबा काय करायचे? फोटो कुठे काढला? यातलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात लिहायचं. त्या जिभाऊंनी शाळेचा फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि मागच्या रांगेतल्या एका मुलावर बोट ठेवून म्हणाले, ‘हाऊ मन्हा मोठा भाऊ शे, त्याले चप्पल नव्हती म्हनीसन तो मांगे उभा ऱ्हायना.’ मी ते तसंच्या तसं लिहिलं. आता तो फोटो फक्त एका हायस्कूलचा ग्रुप फोटो राहिला नाही.

तारीख नसेल तर

हे मला सगळ्यात आवडतं काम, त्यामुळे जरा जास्त लिहिते. घरातल्या कागदांवर निम्म्या वेळा साल नसतं, पण खान्देशच्या कागदात साल लपलेलं असतं. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ किंवा ‘प. खानदेश’ छापलंय म्हणजे कागद १९०६ नंतरचा आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराच्या आधीचा, त्यानंतर ही नावं जाऊन जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. ‘जि. नंदुरबार’ असेल तर १९९८ नंतरचा. मुक्ताईनगरच्या जागी ‘एदलाबाद’ असेल तर जुना. रक्कम रुपये-आणे-पैत लिहिली असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधली. लेटरहेडवर पिन कोड आहे? मग १९७२ च्या ऑगस्टनंतरचं. कॉलेजच्या कागदावर पुणे विद्यापीठ असेल तर १९९० च्या आधीचा धरायला हरकत नाही, कारण उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० ला झालं, आणि विद्यापीठाच्या नावात बहिणाबाई चौधरी असतील तर २०१८ किंवा त्यानंतरचा.

पण एक सांभाळा. छापील पावतीबुकं, लेटरहेड संपेपर्यंत वापरतात. आमच्याकडे ‘पूर्व खानदेश’ छापलेली एक पावती आहे, तिच्यावर पेनानं रक्कम नव्या पैशात लिहिलीय आणि साल १९६२ आहे. म्हणजे छापलेल्यापेक्षा हातानं लिहिलेल्यावर जास्त विश्वास.

लग्नपत्रिका तर खजिना आहे, तिच्यात बहुतेक वेळा शके असतं. शकेत ७८ मिळवायचे, शके १८८६ चा वैशाख म्हणजे १९६४. फक्त पौष-माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर ७९ ची शक्यता बघा. व्यापाऱ्यांच्या वह्यांत, आपल्याकडे मारवाडी आणि गुजराती पेढ्या भरपूर, विक्रम संवत असतं, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे, दिवाळीच्या मागे की पुढे त्यावर ठरतं. मोडी कागदात फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवा, वर्ष मृगाला बदलतं म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला ५९१. मोडी वाचता येत नसेल तर अंदाजानं काही लिहू नका, ‘मोडी, वाचायचं बाकी’ एवढंच लिहा आणि वाचणारा शोधा, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, तिथे शिकलेली मुलं आपल्या भागातही आहेत.

फोटोची तारीख बायकांना विचारा. खरंच सांगते. पुरुष चेहरा बघून नाव सांगतात, आज्या दागिना, नऊवारी की पाचवारी, मागची भिंत, मांडवाची कनात बघून साल सांगतात. ‘ही पोत माझ्या नणंदेच्या लग्नात मोडली, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा’ असा पुरावा कुठल्या पुस्तकात मिळेल? ते सगळं लिहायचं, आणि कुणी सांगितलं तेही.

नोंद

चाळीसगावजवळ पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्या मठाला काय काय दान दिलं ते त्यात कोरलंय, आणि बाजारातल्या मालावर मठाचा वाटा किती तो भाग चक्क जुन्या मराठीत आहे. कुणी दिलं, कुणाला, कधी, कशासाठी, किती. आठशे वर्षांनी आपण वाचतोय कारण कुणीतरी तेव्हा नीट लिहिलं. आपल्या दाखल नोंदवहीत याहून वेगळं काही लागत नाही.

स्थानिक संग्रहासाठी दाखल नोंदवही वेगळी ठेवा, पुस्तकांच्या मुख्य रजिस्टरात घुसवू नका, तिथे पानं, किंमत, विक्रेता असले रकाने असतात आणि कानबाईच्या वहीला किंमत काय लिहिणार? आमची नोंद अशी दिसते :

दाखल नंबर : स्था १७
काय आहे : जिनिंग फॅक्टरीच्या कापूस खरेदीच्या पावत्या, ११ नग, दोऱ्यात ओवलेल्या, दोन फाटक्या
कुठलं : पावतीवर गावाचं नाव आहे, फॅक्टरीच्या जागेवर आता मंगल कार्यालय
केव्हाचं : साल नाही. छपाईत ‘पूर्व खानदेश’, रक्कम आणे-पैत, म्हणून १९०६ ते १९५७ मधलं
कसं आलं : देणाऱ्यांचे आजोबा गाडीनं कापूस घालायचे, पावत्या देव्हाऱ्याच्या मागे खुंटीला होत्या
दिलं कसं : कायमचं. वाचनालयात आणि नेटवर दाखवायला हरकत नाही
कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, तारीख

‘देव्हाऱ्याच्या मागे खुंटीला’ हे लिहायची गरज काय असं आमच्या कार्यवाहांनी विचारलं होतं. गरज आहे, कारण ज्या घरात कापसाची पावती देवामागे ठेवत होते त्या घरात कापूस काय होता ते त्यावरून कळतं.

नंबर वस्तूवर मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला कोपऱ्यात, हलक्या हातानं. चकचकीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे दाबून लिहू नका, पाकिटावर लिहा. आणि कृपा करून शिक्का मारू नका. आपल्याला पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का, ठरलेल्या पानावर शिक्का अशी हाताला सवय असते, पण ऐंशी वर्षांच्या कागदाच्या मधोमध जांभळा शिक्का बसला की तो कधीच निघत नाही. पेनची शाई, स्टिकर, सेलोटेप, सगळं लांब ठेवा. सेलोटेप काही वर्षांत पिवळा होतो, गोंद कागदात उतरतो आणि नकाशा त्याच घडीवर फाटतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही.

वर्गांकाचं, म्हणजे विषयानुसार द्यायच्या नंबराचं, फार टेन्शन घेऊ नका. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत महाराष्ट्राच्या इतिहासाला ९५४.७९२ आहे, पण आपलं सगळं कपाटच त्या नंबरात बसतं, मग शोधणार कसं? आम्ही पुस्तकांना वर्गांक देतो, आणि सुट्या कागदांना गावाचं नाव आणि विषय, एवढ्यावर काम चालतं. येणारा माणूस नंबर विचारत नाही, ‘आमच्या गावचं काय आहे तुमच्याकडे’ असंच विचारतो.

ठेवायचं कुठे

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यामुळे पत्र्याखालचा माळा आणि पश्चिमेची भिंत बाद. गोदरेजचं कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून चार बोटं वर विटांवर, भिंतीपासून थोडं पुढे म्हणजे ओल आणि वाळवी दिसते तरी. कूलरकडे खास लक्ष द्या. उन्हाळ्यात वाचकांसाठी कूलर लावतो, त्याची ओली हवा थेट कपाटावर जाते, आणि जुलैत उघडलं की बुरशीचा वास. कूलरचं तोंड फिरवायला पैसे लागत नाहीत.

कागदांतल्या टाचण्या, स्टेपल काढून टाका, गंज कागद खातो. रबरबँड नको, प्लॅस्टिकची पिशवी नको. धुतलेल्या मांजरपाटाचा रुमाल आणि सुती नाडी, जुनी दफ्तरं अशीच टिकली. अ‍ॅसिड-फ्री कागदाची पाकिटं तालुक्याला मिळत नाहीत, पुण्या-मुंबईहून मागवता येतात, निदान फोटोंसाठी तरी मागवा. पेपरातली कात्रणं लवकर पिवळी पडून तुटतात, तेव्हा चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती ठेवा, आणि कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख नसेल तर ते निम्मं वाया गेलं समजा. कसर (कागद खाणारा किडा) दिसली तर वस्तू लगेच वेगळी करा, बाकीच्यांत मिसळू नका.

स्कॅनिंगला मशीन असेल तर कागद ३०० डीपीआय, फोटो ६००. नसेल तर मोबाईल चालतो, सकाळी खिडकीशी, ऊन थेट पडू न देता, खाली काळा कार्डपेपर, मोबाईल अगदी समांतर धरून. फाईलला दाखल नंबरच नाव द्या, ‘जुना फोटो फायनल २’ असलं नको. तीन प्रती, त्यातली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की बारीक होऊन येतो, झूम केला की चेहरे पुसट.

कागदावर नसलेलं

खान्देशचा मोठा इतिहास कागदावर आलाच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोट (जातं) ओढताना, शेतात काम करताना त्या ओव्या रचून म्हणायच्या, मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं त्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि १९५२ ला पुस्तक निघालं. वहीत उतरवणारं घरात कुणी नसतं तर ती सगळी गाणी त्यांच्याबरोबर गेली असती. अशा किती आज्या आत्ता, या घडीला, आपल्या तालुक्यात बसल्यात!

म्हणून रेकॉर्डिंग हीसुद्धा नवीन भर समजा, तिलाही दाखल नंबर. मोबाईल एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, मोबाईल आजींच्या जवळ उशीवर. सुरुवातीला आपणच बोलायचं : आज तारीख अमुक, गाव अमुक, कोण बोलतंय. मग गप्प बसायचं, हे अवघड आहे. मध्येच ‘हो का, अरे वा’ केलं की त्या थांबतात. विषय ठरवून जा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची गाणी, कानबाई बसवायची रीत, दुष्काळ, पहिली एसटी, ऐकलेला ४२ चा लढा. फैजपूरला १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, त्या परिसरातल्या घरांत आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी अजून आहेत, आता तिसरी पिढी सांगतेय, चौथी सांगेल की नाही कुणास ठाऊक. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार गोळीबारात गेले, ते सगळे पुस्तकात आहेत, पण त्या संध्याकाळी कुठल्या गल्लीत चुली पेटल्या नाहीत ते घराघरातच आहे. नवापूरकडे उकाई धरणाच्या पाण्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे सरदार सरोवराच्या पाण्यात गावं गेली, तिथल्या माणसांकडून जुन्या गावाचा नकाशा कागदावर काढून घ्या, कुणाचं घर कुठे, देव कुठे, आंब्याचं झाड कुठे.

उतरवताना अहिराणीची मराठी करू नका, तावडीची नका, भिलोरी-पावरीची तर अजिबात नका. जसं ऐकलं तसं लिहा, अडलेल्या शब्दाचा अर्थ बाजूला. त्या कानबाईच्या वहीत एका बाईंनी ‘शुद्धलेखन’ सुधारून द्यायची तयारी दाखवली, मी हात जोडून नाही म्हटलं. तीच तर वही आहे.

भर पडली हे सांगायचं कसं

कपाटात कुलूपबंद ठेवून उपयोग नाही. महिन्यातून एकदा दारातल्या फळ्यावर ‘स्थानिक संग्रहात नवीन’ म्हणून चार-पाच वस्तू लिहा, आणि तेच गावच्या ग्रुपवर टाका. पण ‘जुनी वही, १ नग’ असं लिहिलं तर कुणी येत नाही. ‘कापसाच्या अकरा पावत्या, आपल्या मंगल कार्यालयाच्या जागी जिनिंग होती तेव्हाच्या’ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी चार जण येतात. देणाऱ्याचं नाव त्यांना विचारूनच लिहा. काहींना ते छापलेलं बघून फार आनंद होतो, काहींना नको असतं. हयात माणसांचे फोटो, पत्रिका, दाखले नेटवर टाकू नका, इथे येऊन बघता येतात एवढं सांगा.

फोटो असेल तर ओरिजिनल नाही, मोठी प्रिंट काढून टेबलावर ठेवा, बाजूला कागद आणि पेन्सिल. त्या शाळेच्या फोटोची प्रिंट आम्ही आषाढात ठेवली, मुलांना नंबर घालून, १ ते ४६. बाजाराच्या दिवशी लोक आत यायला लागले, भाजीची पिशवी खाली ठेवून वाकून बघायचे. महिन्याभरात एकोणतीस नावं लागली. १९ नंबरला दोन वेगवेगळी नावं आली, दोघेही ठाम. मग मी काही खोडलं नाही, दोन्ही नावं लिहिली, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला, आणि जागा मोकळी ठेवली. परवा शिरपूरहून एक काकू आल्या, प्रिंटवर बोट फिरवत १९ वर थांबल्या आणि म्हणाल्या, हे दोन्ही नाहीत गं, हा आमचा बंधू, हा त्या वर्षीच शाळा सोडून सुरतला गेला. तिसरं नाव लिहिलं. काकू पुढच्या बाजाराला त्यांच्याकडचा त्याचा दुसरा फोटो घेऊन येणार आहेत, आठ दिवसांसाठी, परत करायच्या बोलीवर.